फळ्यावरचा चोर

व्यंकट गेल्याची बातमी मला व्यंकटच्याच आवाजात कळली. सकाळी नांदेडच्या घरी चहा घेत बसलो होतो. फोनमधलं शिकवणीचं ॲप वाजलं आणि व्यंकट बोलू लागला... "प्रिय विद्यार्थी मित्रांनो, कळवण्यास अत्यंत दुःख होते की आपले लाडके बिरादार सर आज पहाटे आपल्याला सोडून गेले. ईश्वर त्यांच्या आत्म्यास शांती देवो. उद्याचे तास नेहमीप्रमाणे होतील." आवाज प्रसन्न होता. 'नेहमीप्रमाणे' या शब्दावर तर जरा जास्तच प्रसन्न. नंतर कळलं की त्या ॲपवरच्या सगळ्याच सूचना सरांच्या आवाजात आपोआप वाचल्या जातात. सुट्टीची सूचना, फीची आठवण, तशीच ही. लातूरच्या ऑफिसात कुणीतरी मजकूर टाइप केला आणि बटण दाबलं. यंत्राला फीचा शेवटचा दिवस आणि माणसाचा शेवटचा दिवस सारखाच. बटण दाबणाऱ्यालाही तो सारखाच वाटला, हे मात्र यंत्राच्या माथी मारता येणार नाही.

लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरला पोचलो तेव्हा व्यंकटच्या दारातच अमोल भेटला. हा अमोल व्यंकटचा जुना विद्यार्थी, आणि आता त्या शिकवणीचा मालक. मालक म्हटलेलं त्याला चालत नाही. तो फाउंडर आहे. डोळे पुसत म्हणाला, "सर, ती नोटिफिकेशन चुकून गेली. पण आजवरची कुठलीच नोटीस एवढ्या लोकांनी उघडली नव्हती." त्याला खरंच दुःख झालं होतं. फक्त दुःख मोजायची एक सवय त्याला लागली होती, ती त्या दिवशीही सुटली नाही.

व्यंकट मूळचा मुखेडकडचा. कॉलेजात आम्ही नांदेडला एका खोलीत राहायचो. तो जीवशास्त्राचा, मी मराठीचा. तो दिवसभर बेडूक फाडायचा आणि मी कविता. संध्याकाळपर्यंत दोघांकडेही जिवंत काही उरायचं नाही. पुढे मी नांदेडच्याच कॉलेजात प्राध्यापक होऊन सुस्तावलो, आणि तो लातूरच्या शिकवण्यांत गेला. शोकसभेत प्रत्येक वक्त्यानं त्याला मनमिळाऊ म्हटलं. व्यंकट कुणाशी फारसा मिळाला नाही, मनानं तर नाहीच. वर्गात पोरांना म्हणायचा, "का बे, डोक्यात मेंदू हाय का वाळूक?" वाळूक म्हणजे आमच्याकडची काकडी. विषय सोडून कुणी काही विचारलं, तर त्याचं उत्तर ठरलेलं, "हे सिलॅबसमधी न्हाई. म्होरचा प्रश्न इचार." घरीही हेच. वहिनींनी विचारावं, पुतणीच्या लग्नाला कधी निघायचं? सिलॅबसमधी न्हाई. तुमची बीपीची गोळी झाली का? सिलॅबसमधी न्हाई. जेवलात का? म्होरचा प्रश्न इचार. गोदावहिनींनी उभा संसार अभ्यासक्रमाबाहेर केला.

पण फळ्यापुढे उभा राहिला की हा माणूस बघत राहावा असा होता. त्याची एक रीत होती, आणि सगळी कीर्ती त्या रीतीवर उभी होती. प्रत्येक तासाला तो फळ्यावर एक चूक मुद्दाम पेरायचा. तिला तो चोर म्हणायचा. आज चोर आहे, हे आधी सांगायचा नाही. इतर वाक्यांइतक्याच ठणठणीत आवाजात खोटं सांगायचा, फळ्यावर लिहायचा आणि मग गप्प उभा राहायचा. खडू बोटांत फिरवत, खिडकीबाहेर बघत... ती शांतता पोरांना खायला उठायची. मी एकदा मागच्या बाकावर बसून ती अनुभवली आहे. तो म्हणाला, "धमनीतून नेहमी शुद्धच रक्त वाहतं," आणि थांबला. मला वाटलं, पुढचं विसरला. पंखा करकरत होता. पोरं एकमेकांकडं बघत होती. शेवटी तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उठून ओरडली, "चोर! सर, चोर! हृदयाकडून फुप्फुसाकडं जाणारी धमनी, तिच्यात अशुद्ध असतं!" व्यंकटनं तो 'नेहमी' हाताच्या तळव्यानं पुसला. शाबासकी दिली नाही. "सापडला व्हय? मी म्हणलं आज मुक्कामच करतंय बेणं," एवढंच म्हणाला. त्या वर्गातलं कुणी ती धमनी आयुष्यात विसरणार नाही. मी मराठीचा मास्तर, मीही विसरलेलो नाही.

अमोल पुण्याच्या एका कंपनीत चार दिवस घालवून लातूरला परतला, तो दरवर्षी एक नवा शब्द आणू लागला. एका वर्षी स्मार्ट बोर्ड. एका वर्षी गेमिफिकेशन, म्हणजे अभ्यास केला की फोनवर टाळ्या. मग मेटाव्हर्स, त्याचे काळे चष्मे अजून ऑफिसच्या कपाटात गणपतीच्या मखराशेजारी आहेत. आणि मग एआय. हा शब्द मात्र कपाटात जाईना. प्रत्येक समारंभात वक्त्याच्या तोंडी तोच, आणि त्याचा अर्थ विचारला की वक्ता भविष्याकडे बोट दाखवायचा. अमोलनं व्यंकटला सांगितलं, "सर, तुमची वर्षानुवर्षांची रेकॉर्डिंग्ज आपल्याकडं आहेत. ती सगळी मशीनला पाजू. उदगीरच्या पोराला पहाटे शंका आली तरी तुम्ही हजर. नायगावच्या पोरीला आली तरी तुम्हीच."

व्यंकट हरखला. गाद्या लावलेल्या एका बंद खोलीत बसून आवाजाचे नमुने देऊन आला आणि मला फोन केला. "मास्तर, आता मी काय मरत न्हाई बे." मी म्हणालो, "अरे, माणूस मरतोच. आवाजाचं काय, तो रेल्वे स्टेशनवरच्या बाईचाही उरतो." त्याला राग आला. पुढच्याच भेटीत त्यानं स्वतःच्या हातानं माझ्या फोनमध्ये ते ॲप घातलं.

त्यातला व्यंकट मी पहिल्यांदा ऐकला तो त्याच्याच घरी. वहिनी पदर तोंडाला लावून हसत होत्या. "भाऊजी, हे कोण वो? हे तर पुण्याचं जावई दिसायलंय." आवाज त्याचाच, पण इस्त्री केलेला. 'न्हाई'चं 'नाही' झालं होतं, 'का बे'चं 'विद्यार्थी मित्रा'. वाळूक तर साफच गेलं होतं. आणखी एक गोष्ट गेली होती, ती त्या दिवशी आमच्या कुणाच्याच ध्यानात आली नाही. रेकॉर्डिंग साफ करणाऱ्यांनी मधल्या शांतता कापून टाकल्या होत्या. पोरांचे आवाजही काढले होते, कारण त्यांच्या भाषेत तो गोंगाट. राहिलं फक्त सरांनी उच्चारलेलं वाक्य. ज्ञान म्हणजे जे बोललं जातं ते, अशी त्या सगळ्या धंद्याची समजूत आहे. थांबणं आणि समोरच्यानं आडवं जाणं हे त्यांच्या लेखी वाया गेलेले सेकंद.

हळूहळू व्यंकटचे वर्ग कमी झाले. त्यानं विचारलं तेव्हा अमोल अतिशय नम्रपणे म्हणाला, "सर, तुम्ही ग्रेटच आहात. पण तुम्ही स्केल होत नाही, एका वेळी एकाच वर्गाला पुरता." एकदा नापास होऊन पुन्हा बसलेल्या पोरांची एक तुकडी त्याच्याकडं उरली, आणि क्वालिटी मेंटॉर असं एक पद. दारावर पाटी लागली. पाटीमागं खोली होती, खोलीत काम नव्हतं.

त्या तुकडीतल्या एका मुलीनं सराव परीक्षेत लिहिलं की धमनीतून नेहमी शुद्धच रक्त वाहतं. व्यंकटनं तिला वाळूक म्हटलं. पोरगी रडली नाही, तिनं फोन पुढं केला. "सर, तुम्हीच सांगितलंय की." आणि फोनमधून व्यंकट व्यंकटला सांगू लागला, "धमनीतून नेहमी शुद्धच रक्त वाहते, विद्यार्थी मित्रा." ठणठणीत आवाजात. न थांबता. पुढचं वाक्य लगेच त्याला चिकटलेलं.

सगळे चोर आत गेले होते. इतक्या वर्षांत पेरलेला प्रत्येक चोर, आणि एकही पकडणारा नाही.

तो तसाच अमोलकडं गेला. हे त्यानं मला नंतर सांगितलं, आणि सांगताना अमोलचा आवाजही हुबेहूब काढला. तो म्हणाला, "अमोल्या, हे बंद कर. परीक्षा तोंडावर हाय. पोरं माझ्या तोंडचं खोटं लिहून येतील बे." अमोल म्हणाला, "सर, ॲडमिशनचा सीझन आहे, आत्ता बंद केलं तर मार्केटमध्ये काय मेसेज जाईल? कुठं कुठं चूक आहे ते सांगा, दुरुस्त करू." व्यंकटला ते सांगता येईना. चोर कधी ठरवून नसायचा. पोरांची तोंडं बघून त्या क्षणी सुचायचा. मग त्या बिनकामाच्या खोलीला काम मिळालं. कानाला हेडफोन लावून तो दिवसभर स्वतःला ऐकत बसायचा आणि स्वतःचे चोर धरायचा. एक धरला की फोन करायचा. "मास्तर, आज किडनीतला सापडला." पहिल्यांदा हसून सांगायचा. पुढं हसणं गेलं. "मला कळंना बे, मी खरं कुठं बोललोय."

परीक्षा झाली. पालकांच्या ग्रुपवर व्हायचं तेच झालं. बिरादार सर चुकीचं शिकवतात, हे वाक्य लातुरातून निघून मुखेडच्या बाजारापर्यंत पोचलं. मेडिकलला पोर लावलेल्या घरात दुसरी काही बातमी नसते. अमोलला उपाय सापडायला वेळ लागला नाही. त्यानं नवी आवृत्ती काढली आणि तिच्या लोकार्पणाला हॉल घेतला. व्यंकटचा सत्कार ठेवला. मी मुद्दाम गेलो होतो. शाल, श्रीफळ, मागं पडद्यावर व्यंकटचा हसरा फोटो. फोटो एआयनं केलेला होता, कारण व्यंकटचा हसरा फोटो कुणाकडंच नव्हता. अमोल माइकवर म्हणाला, "सरांच्या जुन्या लेक्चर्समध्ये काळाच्या ओघात काही चुका राहून गेल्या होत्या. आमच्या नव्या सिस्टीमनं त्या स्वतः शोधल्या. गुरूच्या चुका शिष्यानं सुधाराव्यात, यापेक्षा मोठी गुरुदक्षिणा कुठली?" टाळ्या. दिवसदिवस हेडफोन लावून बसलेली सिस्टीम व्यासपीठावर शाल पांघरून बसली होती.

व्यंकट उठला. वाटलं, आता शिव्या देणार. बऱ्याच दिवसांनी चांगलं भाषण ऐकायला मिळणार म्हणून मी तर सरसावून बसलो. त्यानं माइक हातात घेतला आणि म्हणाला, "धमनीतून नेहमी शुद्धच रक्त वाहतं."

आणि थांबला.

हॉलमध्ये त्याचे जुने विद्यार्थी होते, त्यातले काही डॉक्टर. नवी पोरं होती. पालक होते. तो एकेका रांगेवरून नजर फिरवत उभा होता, हातात खडू नव्हता म्हणून शालीचा गोंडा फिरवत... डॉक्टर फोनमध्ये बघत होते. नव्या पोरांना सर थांबतात हे माहीतच नव्हतं; त्यांचे सर कधी थांबले नव्हते. मी उभा राहिलो आणि "चोर!" म्हणून ओरडलो. शेजारच्या पालकानं दचकून आधी खिसा चाचपला. तेवढ्यात सूत्रसंचालिकेला वाटलं, सरांना भरून आलंय. ती धावत आली, "सर भावुक झाले आहेत, जोरदार टाळ्या!" म्हणाली, आणि हॉल उठून उभा राहिला. माझा चोर त्या टाळ्यांत गेला. व्यंकटनं माइक तिच्या हातात दिला आणि खाली उतरला.

जिन्यात एका पालकानं त्याला अडवलं. "सर, इतके वर्ष चुकीचंच शिकवत होते का वो?" व्यंकट त्याच्याकडं नुसता बघत राहिला. मला वाटतं, तिथंही तो वाटच बघत होता.

त्यानंतर तो फळ्यापुढं उभा राहिला नाही. काही आठवड्यांत गेला. हृदयाला रक्त देणाऱ्या धमनीत गाठ, असं डॉक्टर म्हणाले. तेही त्याचेच विद्यार्थी. नव्या आवृत्तीत धमनीचं ते वाक्य बरोबर आहे, मी तपासून पाहिलं. किडनीतल्याचं मला कळत नाही.

परवा लातूरला वहिनींकडं गेलो होतो. बाहेरच्या खोलीत त्याच्या खुर्चीसमोरच्या स्टुलावर फोन उभा करून ठेवलेला. खुर्ची रिकामी, स्टुलावर तो. स्वयंपाक झाला होता. वहिनी ताटं घेऊन आल्या, माझ्यासमोर एक मांडलं आणि फोनकडं वळून रोजचं विचारावं तसं म्हणाल्या, "जेवलात का?"

फोन म्हणाला, "हा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा आहे. कृपया पुढचा प्रश्न विचारा."

वहिनी माझ्याकडं बघून मान हलवत म्हणाल्या, "बाकीचं काय खरं, काय खोटं, मला कळत न्हाई, भाऊजी. पण यात चोर न्हाई. हे त्यांचंच हाय."

त्या तिथंच उभ्या राहिल्या, हात पदराला पुसत. एवढी वर्षं त्या उत्तरानंतर अशाच उभ्या राहत असतील, आणखी काही येईल म्हणून. फोनला थांबणं ठाऊक नव्हतं. "आणखी काही शंका?" त्यानं लगेच विचारलं. मग पुन्हा, "आणखी काही शंका?"

वहिनींनी तो उचलून स्टुलावर पालथा घातला. मग खोलीत शांतता झाली, आणि आम्ही जेवलो.