पिन उडते तिथे

वकीलसाहेबांनी दिवाणखान्यात बोलावलं तेव्हा मी तांदूळ निवडत होते. हात पुसून गेले. सतरंजीवर गिटार आधीच आणून ठेवली होती. खुर्च्यांवर पाहुणे.

"आमच्या सखूची मुलगी. नुसती रेकॉर्ड ऐकून शिकलीय," साहेब म्हणाले.

मी गिटार मांडीवर आडवी घेतली आणि वाजवायला लागले. मध्येच एका जागी सगळे हसले. मी थांबले नाही. वाटलं, कुणी काही बोललं असेल. धून संपल्यावर साहेब म्हणाले, "अगं, पिन उडते तिथे तूही उडतेस?"

हे घर ठाण्याचं, नौपाड्यातलं. स्वातंत्र्यानंतरची पहिली काही वर्षं. मी चौदाची. वडील नव्हते. आम्ही दोघी खोपटला एका खोलीत राहायचो. आई त्या घरी निवडणं, दळण, भांडी करायची. शाळा सुटली की मी तिच्या हाताखाली. साहेबांची मुलगी लग्न होऊन गेली आणि तिची हवाईयन गिटार मागच्या खोलीत आली. जुना चावीचा ग्रामोफोन तिथेच होता. सोबत एक तबकडी. तिच्यावर ओरखडा गेला म्हणून दिवाणखान्यासाठी तीच धून नवी आणली होती. हे मला माहीत नव्हतं. नवी फक्त पाहुणे आले की लागायची, आणि तोवर आम्ही घरी गेलेलो असायचो. काम आटोपलं की जुनी लावायला साहेबांच्या बायकोची, बाईंची, परवानगी होती.

तबकडीवरच्या वादकाला मी कधी पाहिलं नाही. पण ऐकायचं कसं, ते त्याने शिकवलं. तो सूर थेट धरत नसे. खालून यायचा, उंबऱ्याशी थांबायचा, मग आत. त्याच्यामुळे मला भाजीवाल्याची हाक कुठून चढते तेसुद्धा कळायला लागलं. धुनेच्या मध्यावर तो खालच्या सुरावरून एकदम वर जायचा, मधलं काही न घेता. मला ती त्याची करामत वाटली. हातात बसायला महिना गेला. सूर धरायला तारांवरून फिरवायची ती लोखंडी कांडी घसरायची, किरकिर व्हायची. एक दिवस स्वच्छ आली तेव्हा मी आईला बोलावून ऐकवली. तिचे हात राखेने भरलेले होते. "छान गं," ती म्हणाली.

ती करामत नव्हती. पिन ओरखड्यावरून पुढे जात होती.

फरक कळावा म्हणून साहेबांनी नवी तबकडी लावली. वादक त्या जागी कुठेही उडाला नाही. एकेक सूर घेत, फार हळू चढला. पाहुणे माझ्याकडे बघत होते. मी ऐकत होते. मला ते आवडलं. स्वयंपाकघराच्या दारात आई चहाचा ट्रे घेऊन उभी होती, सगळे हसतायत म्हणून हसत होती, आणि मी ती जागा मनात पाठ करत होते. त्यांच्या हसण्याची लाज लवकर गेली. आई तशी उभी असताना मी सूर पाठ करत होते, याची गेली नाही.

तेवढ्यात एक डॉक्टर आले.

"उशीर केलात. बसा. ही पुन्हा वाजवेल," साहेब म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "पण जुनंच हं. उडीसकट."

बरोबर कसं वाजवायचं ते मला आता कळलं होतं. त्यांना ते नको होतं.

मी कांडी खाली ठेवली. "नाही वाजवणार."

"अगं, गंमत आहे."

"नाही वाजवणार."

"वाजव ना गं. साहेब सांगतायत," आई दारातून म्हणाली. मी तिच्याकडे बघितलं नाही.

"राहू द्या हो. कलावंत रुसले," डॉक्टर म्हणाले. पुन्हा हसू. मी मागच्या दाराने बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी बाईंनी आईला उंबऱ्याबाहेरच थांबवलं. "मुलीला पाठव. साहेबांच्या पाया पडू दे. मग तू ये कामाला."

आई मला दोनदा म्हणाली. मी दोनदा नाही म्हटलं.

आसपासच्या घरांत तिला काम मिळेना; बाईंचा शब्द चालायचा. ती खाडीकडच्या मिठागरावर टोपल्या वाहायला लागली. तळपायांना भेगा पडल्या. भेगांत मीठ. संध्याकाळी मी खोबरेल लावायचे, ती भिंतीकडे तोंड करून बसायची.

एकदा म्हणाली, "एकदा वाजवलं असतंस तर काय बिघडलं असतं गं?"

रागाने नव्हे. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी तेल लावत राहिले.

आई आता नाही. दोष वकिलाचा होता, असं लोक समजावतात. तेवढ्याने मी सुटत नाही. निर्णय माझा होता आणि पाय तिचे. तिला उत्तर दिलं नाही ते म्हणूनच. उत्तर मात्र तेव्हाही तयार होतं. आज कुणी मला पुन्हा त्या सतरंजीवर बसवलं, दारात आई उभी असली, उद्यापासून तिला मिठात उतरावं लागणार हे मला आधीच कळलं, तरी मी कांडी खाली ठेवीन.