एका दोऱ्याचा पट्टा

माझी सून पुनम. आठ वर्सं झाली घरात येऊन, पन माझ्या मनात काय भरली न्हाई. खोटं कशाला बोलू?

बैलाच्या गळ्यातली घुंगरमाळ करावी तर या मनकर्णानंच, असं आमचं सारं कुरुंदा गाव म्हणायचं. माझ्या बापानं शिकवलेली गाठ ती. दर घुंगराला येगळा दोरा, दोन गाठी. बैल काट्यात अडकला तर एखादं घुंगरू पडल, बाकीची माळ जाग्यावर. आता घरोघरी ट्रॅक्टर. गेल्या पोळ्याला मोजून तीन माळा गेल्या. आन् माझ्याच ओसरीवर बाया ब्लाऊज घिऊन सुनेची वाट बघत बसतेत! माहेरून आनलेली तिची शिलाई मशीन दिवसभर खडखड, खडखड. डोकं उठायचं माझं.

जवळचं बारीक मातर मला दिसंना झालं, सुईचं भोक बी. रोज सकाळी पुनम धा सुया ओवून माझ्या गादीच्या कडंला टोचून ठिवायची, न सांगता. त्याचा बी मला रागच यायचा.

आन् मंग एक दिवस वसमतची आरोही आली, कॉलेजातली पोरगी. तिनं मोबाईलवर नाच दाखवला. अगं माय, पोट हलवायचा नाच! त्याला पट्टा पायजे म्हणली, नाण्याचा, घुंगराचा.

"कमरेवर नाही काकू, खाली कुल्ल्यावर बसतो. झटका दिला की वाजला पाहिजे. नांदेडला स्पर्धा आहे माझी."

पुनमनं हो म्हणून टाकलं. पोरगी गेली आन् व्यंकटराव, माझे मालक, भडकले.

"नाचणारनीचं सामान शिवून राहिली का आता माझ्या घरात?"

"मामा, शब्द दिलाय म्या. एवढा एक करू द्या."

"कर. पन त्या पोरीनं एक जरी नाव ठिवलं तर मशीन त्याच दिशी पेमाच्या घरी."

पेमा आमची लेक, पुसेगावला दिलेली. बालाजी, माझा ल्योक, खाली मान घालून भाकर खात व्हता. त्याचं कवा काय असतंय? पुनमचं त्वांड पांढरंफटक पडलं. मशीन म्हंजी तिचा जीव. म्या मनात म्हणलं, लई बेस झालं.

चार दिवस खपली. काळी मखमल, त्यावर मनी, नकली सोन्याची नानी. खालच्या झालरीला घुंगरं माझ्या पेटीतली मागितली. दिली म्या. बघू तर खरं, म्हणलं.

"आत्याबाई, तुमची गाठ शिकवा की."

"माझी गाठ म्हंजी काय ब्लाऊजाचं हूक हाय व्हय? कुनी बी लावावं?"

पुन्यांदा इचारलं न्हाई तिनं. झाल्यावर पट्टा माझ्या मांडीवर आनून ठिवला. "बराबर हाय का, बघा एकदा."

म्या हात फिरवला. माझी बोटं काय आंधळी न्हाईत. सारी घुंगरं एकाच लांब दोऱ्यात ओवलेली, वरून मशीनची टीप. एक तुटलं की सारी गेली. सांगितलं असतं तर एका दुपारचं काम व्हतं.

"मला दिसत न्हाई," म्या म्हणलं. "तूच बघ."

रविवारी आरोही आली. अंगनात पट्टा बांधला, एक झटका दिला, दुसरा दिला. काय वाजला! पुनम हसली. आठ वर्सात तिला तसं हसताना म्या बघितलं नव्हतं. तिसऱ्या झटक्याला दोरा सर्रकन सुटला आन् घुंगरं अंगनभर उडाली.

"काकू, परवा स्पर्धा आहे हो! आता काय घालू मी?" पोरगी रडायलाच लागली.

मालक उठले. ओरडले बी न्हाईत. "बालाजी, मशीन टेम्पोत टाक."

बालाजीनं टाकली. मुर्दाड! पुनम अंगनात बसून घुंगरं येचत राहिली. येचत येचत माझ्या पायापाशी आली. तिथं एक पडलं व्हतं. ते उचललं आन् वर बघितलं.

"तुमाला ठाऊक व्हतं."

"व्हय," म्या म्हणलं. भ्याले न्हाई मी कुनाला.

पोळ्याच्या आठ दिस आधी तातेराव आला. नवी जोडी घेतली म्हणला. "मनकर्णाबाई, माळ तुझ्याच हातची पायजे. दुसऱ्याची चालनार न्हाई." वर्साची पयली माळ! छाती भरून आली माझी. पेटी उघडली, घुंगरं काढली, दोऱ्याला मेन लावलं. गादीच्या कडंला हात घातला तर एक बी सुई ओवलेली नव्हती. कवापासून नव्हती, कुनाला ठाऊक. दोरा थुकीनं वला केला, उन्हात धरला, दारात बसून सारी दुपार घालवली. बोटाला दोनदा टोचलं.

शेवटी हाक मारली. "पुनम, सुई ओवून दे गं माय." माय म्हणले तिला, आठ वर्सात पयल्यांदा.

ती तांदूळ निवडत व्हती. बारीक बारीक खडे टिपून बाजूला टाकत व्हती. मान वर केली न्हाई.

"मला दिसत न्हाई, आत्याबाई," ती म्हणली. "तुमीच बघा."