ताईनं ओट्यासमोर सांगितलेलं दुखणं

मोठ्या दिरांचा फोन आला तेव्हा मी नंदुरबारच्या घरी पोळ्या लाटत होते. "वैशाली, ताई गयी तुन्ही," एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला. ताई म्हणजे सुनंदाताई, माझी मोठी जाऊ. ब्राह्मणपुरीला, आमच्या सासरच्या गावी, सकाळी केळीच्या बागेत चक्कर मारून आली, चहा घेतला, छातीत कळ आली आणि गाडी शहाद्याच्या दवाखान्यात पोहोचायच्या आतच सगळं संपलं. त्याला आता काही आठवडे झाले. भेटायला येणारे तिच्या कामाच्या उरकाचं, मोठ्या आवाजाचं कौतुक करतात. मला तिची जी गोष्ट सांगायची आहे ती सांगताना मात्र आजही माझे कान गरम होतात.

लग्नानंतर मी ब्राह्मणपुरीच्या घरात आले, तेव्हा तिथला संडास अंगणाच्या पुढच्या टोकाला होता आणि वाटेतच ओटा. ओट्यावर सासरे आणि त्यांची मंडळी दिवसभर बसलेली. डोक्यावरचा पदर सावरत त्यांच्यासमोरून जायचं म्हणजे मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मी पाणी पिणंच कमी केलं. सकाळी अंधारात एकदा जायचं, मग दुपारी ओटा रिकामा होईपर्यंत दाबून धरायचं... मला दिवस गेले तरी हेच चालू. पाचव्या महिन्यात लघवीला आग व्हायला लागली. थेंब थेंब, गढूळ, आणि लगेच पुन्हा लागल्याची भावना. नवऱ्यालासुद्धा सांगितलं नाही. हे दुखणं वाईट चालीच्या बायकांना होतं, असं कुठंतरी कानावर पडलेलं होतं.

कपडे धुताना मी ओटीपोट दाबून बसले, ते ताईनं पाहिलं.

"लघवीले जळजळ व्हस का?"

"काही नही, ताई."

"कव्हयपासून?" कधीपासून, एवढंच तिला हवं होतं; माझं 'नाही' तिनं ऐकलंच नव्हतं. मी रडायला लागले तशी ती पदरानं हात पुसत सरळ ओट्याकडे गेली. सासरे होते, शेजारचे दोघं होते. "आप्पा, हिले लघवीनं दुखणं शे. दवाखानामा ली जास. आणि तुम्हीन दिनभर आठे बठतस, म्हणीसन ही पाणीच पेत नही." मी भिंतीआड उभी होते, आणि मला त्या क्षणी दुखण्यापेक्षा ताईचा राग जास्त आला.

शहाद्याच्या डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. बायकांचा लघवीचा मार्ग आखूड, शौचाच्या जागेजवळ. तिथले जंतू सहज वर चढतात. पोटात बाळ असलं की लघवी साचून राहते, त्यात पाणी कमी आणि दाबून धरणं. "यात तुझ्या चालचलणुकीचा काही संबंध नाही," त्या म्हणाल्या. तपासणीला सुरुवातीची लघवी सोडून मधली बाटलीत धरायची होती. ती बाटली मी पदराआड लपवायला लागले, तर ताईनं माझ्या हातातून घेतली आणि भरल्या दवाखान्यातून दुधाचा गडू न्यावा तशी घेऊन गेली. कोणते जंतू आहेत आणि कोणतं औषध लागू पडेल, हे कळायला दोन-तीन दिवस लागणार होते. तोवर थांबायला नको म्हणून बाळाला चालतील अशा गोळ्या लगेच दिल्या, आणि त्या पूर्ण संपवायला बजावलं.

मी त्या संपवल्या नाहीत. आग थांबली, सासूबाई म्हणाल्या की पोटुशीला एवढ्या गोळ्या उष्ण पडतात, आणि ताईशी तर मी अबोला धरला होता. उरलेल्या गोळ्या ट्रंकेत टाकल्या. पुढच्याच आठवड्यात हुडहुडी भरून ताप आला, कंबरेच्या वर एका बाजूला असं दुखायला लागलं की सरळ उभं राहवेना. जंतू मूत्रपिंडापर्यंत गेले होते. दवाखान्यात ठेवून शिरेतून औषध सुरू झालं. डॉक्टरीणबाई रोज बाळाचे ठोके ऐकायच्या आणि मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहायचे.

ताई उशाशी बसून होती. "बरं वाटनं म्हणीसन गोया बंद करी दिन्यात?" तिनं विचारलं. मी मान फिरवली. तिनं माझं पांघरूण सारखं केलं. मग खिडकीकडे बघत, कधी नव्हे ते हळू आवाजात म्हणाली, "मीबी कोणलेच सांगं नही. मन्हा पोऱ्या गया."

सातव्या महिन्यात पोटातच गेलेलं तिचं मूल मला ठाऊक होतं. त्याचं कारण घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. तिलाही असाच ताप, अशीच कंबर, आणि तोच ओटा. मी तिचा हात धरला, पण माफी मागायला तोंड उघडेना. पुढेही कधी मागितली नाही. आम्ही घरी परतलो तेव्हा सासऱ्यांची ओट्यावरची बाज मागच्या गोठ्याजवळ गेलेली होती. दिवस भरून मुलगी झाली, ऋतुजा. तिनं ताईला 'मोठी मम्मी' केलं आणि पुढे आम्ही नंदुरबारला राहायला गेलो तरी सुट्टी लागली की ब्राह्मणपुरी गाठायची, हे तिचं ठरलेलं.

ताईच्या दहाव्याला घर माणसांनी भरलं होतं. मोठे दीर मुंडण करून बसलेले, सोयरे, गावची मंडळी. ऋतुजा बायकांमधून वाट काढत माझ्यापाशी आली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "मम्मी, शू करताना जळजळतंय." पुरुषांनी माना खाली घातल्या. माझा तळवा तिच्या तोंडावर गेला होता.

तिनं तो बाजूला केला. "मोठी मम्मी म्हणाली होती, हे लपवायचं नसतं."

मी विचारलं, कधीपासून गं? आवाज तिच्यापुरताच निघाला. मग पुन्हा विचारलं, पार शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं.