वत्सलाचा रंग

नारायणगुड्यातल्या फोटो लॅबमध्ये शिवराज छपाईचे रंग जुळवायचा. रंग मोजायचं मीटर आधी मूळ नमुन्यावर टेकवायचं, मग छापील कागदावर, की दोन्हींतला फरक डोळ्याला किती जाणवेल त्याचा आकडा येई. साडीच्या, सोफ्याच्या जाहिरातीचे फोटो छापून घेणारी गिऱ्हाइकं त्या आकड्यावरून भांडत. चेहऱ्याचा खरा रंग मात्र कुणालाच नको असायचा. "जरा गोरा करके देओ," म्हणत, आणि तो देई. घरचे फोटोही त्याच सवयीनं उजळून निघत.

त्याची बायको वत्सला गेली. तेराव्याला हार घालायचा फोटो त्यानं कॅमेऱ्यातून आला तसाच छापला. रडू आलं नाही. हातही थांबला नाही.

लेक प्रियदर्शिनी फोटो बघत राहिली. "पप्पा, ही आई वाटत नाही. आई एवढी सावळी कुठं होती?" तिनं भिंतीवरच्या जुन्या फोटोकडे बोट केलं.

शिवराजनं मीटर आणून दोन्ही फोटोंतल्या गालांवर टेकवलं. फरक आंधळ्यालाही दिसेल एवढा निघाला. त्यानं वत्सलाला आठवून पाहिलं, तर त्यालाही भिंतीवरचीच आठवली.

खरी कोणती, ते सांगायला मीटरला वत्सलाचा गाल लागला असता.