कोऱ्या टॉवेलाचे ओरखडे

"हात पुढं कर."

शेठ म्हणला आणि मी केले. दोन्ही. तळवे वर. रविवारची सकाळ, अकराचं ऊन. दुकानाच्या अंगणात त्याची काळी स्पोर्ट्स कार उभी, दोन दरवाजांची, जमिनीला पोट टेकंल एवढी बुटकी. शेठचे तीन मित्र आपापल्या गाड्या घेऊन आलेले. शेठनं मोबाईल काढला, व्हिडिओ चालू केला आणि माझ्या तळव्यांवर धरला.

"बघा. हे हात लावले ह्यानं माझ्या गाडीला."

मित्र वाकून बघाय लागले. बाजारात बैलाचे दात बघत्यात तसे.

"कुठला रे तू?" एका मित्रानं विचारलं.

"नातेपुत्याकडचा."

"घरी काय करतात?"

"मेंढरं हायत."

शेठ मित्राकडं वळून कानडीत कायतरी बोलला. मला कानडी येत न्हाय. त्यातला 'कुरुब' एवढा एकच शब्द कळला. आमी धनगर, आमाला कर्नाटकात कुरुब म्हणत्यात. आमची तिकडची माणसं सोता ते छाती पुढं काढून सांगत्यात. शेठनं तो शब्द सुपारीचा चोथा थुंकावा तसा टाकला. सगळे हसले.

"मेंढरं भादरायच्या हातानं गाडी पुसलीय. आता कॅमेऱ्यात बघ आणि बोल. माझ्या खरबरीत हातांमुळं गाडी खराब झाली, माफ करा. बोल."

मी बोललो. शब्दाला शब्द. आणि वर हात जोडले. हात जोड म्हणून तर कुणी सांगितलंबी नव्हतं. ते माझं मीच केलं. एकतीस वर्षांचा बाप्या, एका पोरीचा बाप. आज हे सांगतानाबी कान तापत्यात माझे.

आता खरं काय झालं होतं ते सांगतो.

मी गाड्या चमकवायच्या दुकानात कामाला होतो. धुणं, पॉलिश, रंगावरचे ओरखडे काढणं. ह्याला डिटेलिंग म्हणत्यात. दुकानाचा मालक माझ्याहून लहान, पुण्यात कोर्स करून आलेला. आमी त्याला सर म्हणायचो. माणूस तसा वाईट न्हाय, पण मोठं गिऱ्हाईक आलं की त्याचा कणा कुटं जायचा कुणास ठाऊक. आणि शेठ म्हंजी लई मोठं गिऱ्हाईक. अक्कलकोट रोड एमआयडीसीत त्याच्या बापाचा टॉवेलचा कारखाना. सोलापुरात अर्ध्या लोकांच्या दोरीवर त्यांचाच टॉवेल वाळत असतोय.

त्या रविवारच्या आदल्या आठवड्यात गाडी पयल्यांदा आमच्याकडं आली. नवीकोरी. धुवायची, पॉलिश मारायची, पुसून द्यायची, एवढंच काम. ड्रायव्हरनं गाडीसंगं टॉवेलांचा गठ्ठा खाली ठेवला. काठात कारखान्याचं नाव विणलेलं.

"शेठनी सांगितलंय, गाडी आपल्याच टॉवेलनं पुसायची. दुसरं फडकं लावायचं नाही."

मी एक टॉवेल उचलला आणि बोटांत चुरला. लगीच कळलं. कोरा होता. मागावरनं उतरलेला, पाण्याचं तोंड न बघितलेला. सूत तुटू नये म्हणून विणायच्या आधी त्याला खळ लावत्यात, ती तशीच त्यात वाळलेली. सोलापुरात कुणालाबी विचारा, नवा टॉवेल दोन-तीनदा भिजवल्याशिवाय पाणी पीत न्हाय आणि अंगाला बोचतो. मला तर ते लहानपणापासनं ठाऊक. आमच्यात घोंगडीला चिंचोक्याची खळ लावत्यात. नवी घोंगडी पांघरून झोपलो की सकाळी माझ्या गालावर रेघा उठायच्या. आई तूप लावायची.

मी सरांना म्हणलं, "सर, कोरे हायत. खळ हाय ह्यात. काळ्या रंगाला चालणार न्हाय. आपलं मऊ फडकं घेतो की."

सर म्हणले, "त्यांचा टॉवेलचा कारखाना आहे. टॉवेल कसा असतो ते तू शिकवणार त्यांना? पूस."

मी पुसली. आता कुणी म्हणंल, तू नोकर माणूस, करणार काय. पण मला कळत होतं. टपावरनं टॉवेल ओढताना बारीक खसखस ऐकू यायची. मला ती ऐकू येत होती आणि मी पुसत होतो. चार टॉवेल झाले. दुकानातल्या पिवळ्या दिव्यात गाडी झकास दिसत होती. सर खूश, ड्रायव्हर खूश.

मंग ती उन्हात गेली. काळा रंग उन्हात कायबी झाकून ठेवत न्हाय. सगळ्या अंगावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक गोल रेघा. मित्रांसमोर कुणीतरी बोट ठेवलं, शेठचं डोकं फिरलं.

त्या रविवारी गाडी फाटकातनं आत येताना सरांनी माझ्या कानात सांगितलं, "तू घे अंगावर. मी नंतर बघतो." व्हिडिओ चालू होता तेव्हा सर शेजारीच उभे होते. सोताच्या मोबाईलात मान घालून. एकदाबी वर बघितलं न्हाय त्यांनी.

शेठनं तो व्हिडिओ गाडीवाल्यांच्या ग्रुपवर टाकला. तितनं तो कुटं कुटं गेला. सांजंला भवानी पेठेत खोलीवर पोचलो तोवर बायकोनं बघितला होता. शेजारणीनं दाखवला. ताट वाढून ती म्हणली,

"तुमी म्हणलाच कशाला तसं?"

मी भाकरी मोडली आणि ताटातले माझे हात मलाच बघवंनात. दुसऱ्या दिवशी चहाच्या गाड्यावर एक ओळखीचा रिक्षावाला म्हणला, "हात दाखवून अवलक्षण केलंस की रं." सगळे हसले. मीबी हसलो. काय करणार, सोताच्या फजितीवर पयलं आपण हसलं की दुसऱ्याचं हसू कमी लागतं म्हणत्यात. खोटं हाय ते. तेवढंच लागतं.

पण मला मोडलं ते आबांच्या फोननं. आबा म्हंजी माझे वडील. गावाकडं कुणीतरी त्यांना व्हिडिओ दाखवला होता. त्यांना कमी ऐकू येतं, बोलणं कायबी समजलं नव्हतं. नुसतं चित्र बघितलं होतं.

"तुज्या हाताला काय झालंय रं? त्या साहेबाला हात दाखवत होतास. डाक्टर हाय का त्यो?"

मला वाटलं जमीन दुभंगावी. मी म्हणलं, "काय न्हाय आबा. जरा सालपटं निघाली."

"एरंडेल लाव. आन् जप. हात हायत म्हणून आपुन हाय."

मी फोन ठेवला आणि मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारत बसलो. पोरीनं बाहेरनं दोनदा हाक मारली. मी नळ मोठा केला.

गाडी दुरुस्त करायचं काम माझ्यावरच आलं. सरांना तेवढं बारीक काम येत न्हाय. हात खरबरीत म्हणून व्हिडिओ काढायचा आणि गाडी नीट करायला तेच हात पायजेत. ही गंमत तेव्हा कुणाच्या ध्यानात आली न्हाय. माझ्याबी न्हाय.

सोमवार ते बुधवार तीन दिवस लागले. रंगावर काचेसारखा एक पारदर्शक थर असतो, कागदाहून पातळ. त्यातला ओरखडा भरून निघत न्हाय. भोवतीचा थर मशीननं घासून ओरखड्याच्या तळापर्यंत खाली आणायचा, मंग तो दिसंनासा होतो. म्हंजी दर खेपेला गाडी झिजती. असं दोन-तीनदाच करता येतं, पुढं थरच उरत न्हाय. दोन वीत जागा धरायची, पॉलिश लावायचं, मशीन फिरवायचं, बॅटरी मारून बघायचं, पुन्हा फिरवायचं. दरवाजाच्या कडेला थर अजून पातळ, तितं मशीन बंद करून हातानं.

त्या कडांवर काम करताना माझ्या बोटांना कुटं थांबायचं ते कळत होतं. ते सरांनी शिकवलेलं न्हाय. मेंढरू भादरताना कातर कातड्याला लागू द्यायची नसती, ते हातात मुरलेलं. मंगळवारी दुपारी मी बॉनेटवर वाकलो होतो आणि एकदम डोक्यात आलं, अरं, ह्या हातांनी पयल्याच दिवशी सांगितलं होतं की. टॉवेल कोरा हाय म्हणून. हात खरं बोलले. खोटं बोललं माझं तोंड.

मी मशीन खाली ठेवलं. कोपऱ्यात अपघातातल्या गाडीचा एक काळा दरवाजा पडलेला असतो, त्यावर आमी पॉलिश करून बघतो. तो पुरा लख्ख केला. शेठच्या गठ्ठ्यातला उरलेला टॉवेल घेतला, अर्ध्या भागावर दहा हात मारले. बाहेर उन्हात धरला. तीच जाळी. सरांना बोलावून दाखवलं.

सरांनी रेघांवरनं बोट फिरवलं. मंग म्हणले, "ठेव तो आत. शेठच्या नजरेला पडू देऊ नको."

गुरुवारी दुपारी शेठ आला. संगं एक मित्र. गाडी बाहेर उन्हात लावलेली. शेठ भोवतीनं दोनदा फिरला, वाकून बघितलं, रंगात सोताचं तोंड बघून केस नीट केले. कुटंबी रेघ नव्हती. माझं काम होतं ते, मला माहीत होतं नसणार.

"हां. आता कशी दिसतीय." त्यानं गाडीतनं घडी केलेला नवा टॉवेल काढला. काठात नाव विणलेला. माझ्या अंगावर टाकला. "शेवटचा हात आपल्या टॉवेलनं मार. मी शूट करतो. आणि म्हण, शेठनी माझे हात सुधारले. ग्रुपवर टाकू, लोकांना बरं वाटेल."

मी टॉवेल बोटांत चुरला. खळ.

खोटं कशाला सांगू. घरभाडं, पोरीची शाळा, सगळं डोळ्यांपुढनं गेलं. सर माझ्याकडं बघून मान हलवत होते, मार, मार.

"न्हाय पुसणार," मी म्हणलं.

शेठला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "काय?"

"न्हाय पुसणार. कोरा हाय हा. ह्यात खळ हाय. पयल्या खेपेलाबी खळच होती, त्यानंच गाडी घासली. मला तेव्हाच कळलं होतं. तुमाला सांगितलं न्हाय आणि तसंच पुसलं, एवढी माझी चूक. हातानं चूक केलेली न्हाय."

आत गेलो, तो काळा दरवाजा उचलून आणला, गाडीशेजारी उन्हात टेकवला. अर्धा लख्ख, अर्धा जाळ्यानं भरलेला. "हा अर्धा तुमच्याच टॉवेलनं पुसलाय."

शेठचा चेहरा लाल झाला. "आमच्या तीन पिढ्या कापडात गेल्या. तू मला कापड शिकवतो?"

"तुमाला शिकवायची गरज न्हाय. तुमी बघा की चुरून."

त्यानं माझ्या हातातनं टॉवेल हिसकला. तावातावानं गाडीकडं गेला, सोताच पुसून दाखवायला. बॉनेटवर हात नेला. आणि हात थांबला. वीतभर वर. टॉवेल मुठीत, मूठ हवेत. मित्र बघतोय, सर बघत्यात, मी बघतोय. शेठ त्या टॉवेलकडं बघत होता. त्यानं पुसलं न्हाय. टॉवेलाची घडी केली आणि गाडीत टाकला.

तेव्हा मला कळलं की त्यालाबी कळतं. कारखान्यात वाढलेला माणूस, त्याला खळ कळणार न्हाय का. त्या रविवारी माझ्या तळव्यांवर मोबाईल धरताना त्याला ठाऊक होतं का, ते मी सांगू शकत न्हाय. पण आता ठाऊक होतं.

मी म्हणलं, "तो व्हिडिओ काढून टाका ग्रुपवरनं."

त्यानं माझ्याकडं बघितलंबी न्हाय. सरांना म्हणला, "हा माणूस परत दिसला तर माझी एकही गाडी इकडं येणार नाही." गाडी चालू केली आणि गेला.

सर म्हणले, "काय गरज होती? एक हात मारला असतास तर काय बिघडलं असतं?" मी म्हणलं, "तुमाला माहीत हाय काय बिघडलं असतं." त्यांनी मान खाली घातली. उद्यापासनं येऊ नको, हे त्यांनी माझ्याकडं न बघताच सांगितलं.

सांजंला आबांना फोन लावला. मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून सगळं सांगितलं. व्हिडिओत काय बोललो ते. त्यांच्याशी खोटं बोललो ते. काम गेलं ते. मला वाटलं म्हणतील, शाब्बास पोरा.

आबा म्हणले, "पयल्या दिवशीच कळलं हुतं, तर थांबला का न्हाईस?"

बस. सरांचं नाव पुढं केलं, पोटाचं कारण दिलं, तरी गाडी पुसताना ती खसखस ऐकणारा मीच होतो. शेठनं माझी लाज एक मिनिटाच्या व्हिडिओत काढली. त्याच्या आधी चार टॉवेलभर मीच ती काढून बसलो होतो.

व्हिडिओ अजून फिरतोय. परवा नव्या ठिकाणी काम मागायला गेलो, तितल्या मालकानं तो आधीच बघितलेला. म्हणला, "तूच ना तो?" मी म्हणलं, "व्हय, मीच. त्यात मी खोटं बोललोय. खरं ऐकायचंय का?" त्याला नको होतं ऐकायला. मी तरीबी सांगितलं, उभ्या उभ्या, सगळं. काम मिळालं न्हाय.

पुढच्या दारातबी हेच सांगणार. आणि ज्या दिवशी कुटं काम मिळंल, त्या दिवशी मला जे कळंल ते मी मालकाच्या तोंडावर बोलणार, गिऱ्हाईक कुणीबी असू दे. ऐकलं न्हाय तर फडकं खाली ठेवीन आणि बाहेर पडंन. कळत असताना गप बसून पुसणं, ते एकदा झालं. परत माझ्याकडनं ते कुणी करून घेणार न्हाय.