पावतीवर न लिहिलेला डाग

रोज सकाळी लॉन्ड्रीचं शटर वर जायच्या आधी आक्का सुईत पांढरा दोरा ओवायची आणि ती सुई कामाच्या कोटाच्या कॉलरला टोचून ठेवायची. एकतीस वर्षांत हे एकदाही चुकलं नाही. गिऱ्हाइकाने कपडा काउंटरवर टाकला, की ती तो उचलून खिडकीशी न्यायची, उजेडासमोर ताणून धरायची आणि डोळे बारीक करून अशी बघायची, की कपड्यानेच घाबरून काल रात्री कुठे होतो ते सांगून टाकावं. मग सुई निघायची. डागाभोवती चार सैल टाके. धुतल्यावर ओल्या कापडात डाग दिसत नाही, पण टाके दिसतात.

"उजवी बाही, शाई, जुना," ती तिथूनच पुकारायची. "पाठीवर तेल, ताजं. खिशाखाली गंज, जाणार नाही."

काउंटरवर बसलेली तिची बहीण, धाकटी, ते पावतीवर लिहायची. आधी लिहिलं नाही तर कपडा घ्यायला आलेला माणूस आकाशपाताळ एक करतो, की हा डाग तुम्हीच पाडलात. म्हणून जे आहे ते आधीच सांगायचं, तोंडावर सांगायचं, आणि समोरच्याची सही घ्यायची. गिऱ्हाईक ओशाळायचं. आक्काला त्याचं काही वाटायचं नाही. "लाज डागाची नसते," ती म्हणायची, "लपवल्याची असते." हे वाक्य तिने इतक्यांदा म्हटलं होतं, की मालकाने ते पाटीवर रंगवून घ्यायचं ठरवलं होतं. नशीब, रंगवलं नाही.

दोघी बहिणी एकाच घरात राहायच्या. आक्काचा नवरा केव्हाच गेला होता, आणि धाकटीचा असून नसल्यासारखा, दूरच्या गावी, दुसऱ्या संसारात. त्यामुळे दोघींना भांडायला एकमेकींशिवाय कोणी नव्हतं.

शनिवारी लॉन्ड्रीत रंगाचं काम असायचं. विटलेले कपडे काळे किंवा गडद निळे करून द्यायचे. मागच्या खोलीत टाकी उकळायची, फरशीवर रंगाचं पाणी साचायचं, आणि आक्काच्या रबरी चपला टाचेशी इतक्या झिजलेल्या, की संध्याकाळी तिचे तळवे कोळसेवाल्यासारखे दिसायचे. घरी आल्यावर धाकटी खुर्चीसमोर पाटावर बसायची, आक्काचा पाय मांडीवर घ्यायची आणि साबणाने घासून काढायची. आक्काचे गुडघे वाकत नव्हते. वाकले असते तरी तिने वाकवले असते की नाही, देव जाणे.

एका शनिवारी सगळा रंग निघाला, डाव्या टाचेवरचा एक ठिपका तेवढा राहिला. मसुराच्या डाळीएवढा, काळा, एका बाजूला कडा पसरलेली.

"हा निघत नाही गं," धाकटी म्हणाली.

"आज नाही निघाला तर पुढच्या शनिवारी. डागाला घाई करायची नाही."

आणि मग दोघींनी जे केलं, ते फक्त त्याच दोघींनी केलं असतं. दुसऱ्या कुणी डॉक्टर गाठला असता. यांनी डाग काढायचा क्रम धरला. आधी साबण. मग स्पिरिट. मग पाणी घातलेला अमोनिया, कापसाच्या बोळ्याने. मग कॉलर घासायचा मऊ ब्रश, आणि तो पुरेना म्हणून कडक ब्रश. शनिवारमागून शनिवार, सात महिने. ठिपका मसुरावरून वाटाण्यावर गेला. धाकटी घासायची, आक्का डोळे मिटून खुर्चीत मागे टेकायची आणि दिवसभरातल्या गिऱ्हाइकांच्या नकला करायची. हसता हसता धाकटीचा ब्रश थांबायचा. "थांबलीस का? पगार कापीन."

एका शनिवारी ब्रशखालून रक्त आलं. धाकटीच्या फिक्या झग्यावर, मांडीवर, रुपयाएवढं.

"गरम पाणी नको लावूस," आक्का पहिलं म्हणाली. "रक्ताला गार पाणी."

मग दोघी त्या टाचेकडे बघत बसल्या.

डॉक्टर बाईंनी भिंग लावून पाहिलं आणि भिंग खाली ठेवायला जरा वेळ लावला. एक तुकडा काढून तपासायला पाठवला. आठवड्याने मेलानोमा हा शब्द त्यांच्या आयुष्यात आला. त्वचेचा कॅन्सर, त्यातला खोडसाळ. "किती दिवसांपासून आहे?" डॉक्टरांनी विचारलं. "यावर काही लावत होतात?"

धाकटी सांगायला खुर्चीत पुढे सरकली.

"मीच घासत होते अधूनमधून," आक्का म्हणाली. "रंग समजून."

गुडघे न वाकणारी बाई स्वतःची टाच घासत होती, हे डॉक्टरांनी खरं मानलं. धाकटीने मात्र ते वाक्य गिळलं ते तिच्या घशात वर्षभर उभं राहिलं. आपण आपल्या हाताने ब्रश मारून ते आत ढकललं, असं तिला पक्कं वाटत होतं. डॉक्टरांना विचारावं, तर उत्तर मिळेल ही भीती. आक्काला विचारावं, तर आक्का.

टाचेचा तुकडा कापला, मांडीची कातडी तिथे लावली, जांघेतल्या गाठी काढल्या. त्यानंतर दर तीन महिन्यांनी स्कॅन. पहिला स्वच्छ आला. दुसरा स्वच्छ. तिसरा स्वच्छ. दर वेळी आक्का लंगडत घरी येऊन म्हणायची, "बघ, नीट धुतलंय." आणि धाकटी आतल्या खोलीत जाऊन कपाटाला डोकं टेकायची.

चौथा स्कॅन शुक्रवारी होता. सकाळपासून पोटात अन्न नाही. तळघरातल्या त्या खोल्यांना खिडक्या नव्हत्या, आणि आक्काला तेवढंच खटकलं. "उजेडाशिवाय काय दिसणार यांना?"

निळ्या कोटातल्या मुलीने बोटाला सुई टोचून साखर पाहिली. "अंगावर धातू काही?"

आक्काने सवयीने ब्लाउजला टोचलेली सुई काढली आणि धाकटीच्या हातात दिली. "सांभाळ. दोरा निघू देऊ नकोस."

"आता किरणांच्या औषधाचं इंजेक्शन दिलं, की तासभर पडून राहायचं," मुलगी म्हणाली. "बोलायचं नाही, हलायचं नाही, फोन नाही. घरी कुणी गरोदर बाई, लहान मूल? संध्याकाळपर्यंत त्यांच्यापासून लांब राहा."

"घरी ही एक आहे. हिच्यापासून लांब राहायला तीस वर्षं कुणी परवानगी देत नव्हतं, आज मिळाली."

मुलगी हसली. अशा खोलीत फार हसू नये हे ती कामावर शिकली असावी, कारण लगेच थांबली.

मग दार लागलं. बाहेरच्या बाकावर धाकटी ती सुई बोटांत धरून बसली. समोर एक म्हातारा स्वतःच्या फायलीवरचं नाव पुन्हा पुन्हा वाचत होता, ती आपलीच आहे ना याची खात्री करावी तसा. एक तास, मग आणखी अर्धा. आक्का बाहेर आली तेव्हा तिचे केस मागून चपटे झाले होते.

"कसं होतं?"

"हँगरवरच्या कपड्यांना कसं वाटतं ते कळलं. डोक्यापासून पायापर्यंत नेतात, आणतात. एक माणूस काचेआड बसून बघतो. तोंडाने काही पुकारत नाही मेला."

रिपोर्ट मंगळवारी. "चार दिवस!" आक्का जिन्यात थांबून म्हणाली. थांबली ती दम लागला म्हणून, पण धाकटीला तिने संताप दाखवला. "त्याला आज माहीत आहे. त्या काचेआडच्याला आत्ता माहीत आहे. आम्ही डाग बघितला की तोंडावर सांगतो. आणि हे? पाकिटात घालून वाळत टाकतात."

शनिवारी ती कामावर गेली. मालकाने विचारलं, "कसा झाला स्कॅन?" आणि उत्तराची वाट न बघता फोन घेतला. दुपारी एक बाई मागल्या आठवड्यात टाकलेला राखी कोट घ्यायला आली आणि तिने तो तिथेच उलगडला. खालच्या पट्टीला पिवळट डाग.

"हा नव्हता. तुम्ही पाडलात."

धाकटीने पावती काढली. पावती कोरी होती. तो कोट आक्काच्या हातून न बघता गेला होता. एकतीस वर्षांत पहिला.

बाई तोंडाला येईल ते बोलली. मालक पुढे आला, तिची माफी मागितली, आणि ती गेल्यावर सगळ्यांसमोर म्हणाला, "आक्का, हल्ली लक्ष नसतं तुमचं."

"आहे की," आक्का म्हणाली. "दुसरीकडे आहे."

रविवार आणि सोमवार कसे गेले हे सांगण्यासारखं नाही. रिपोर्ट विचारायला दोघी एकमेकींना फोनपर्यंत जाऊ देत नव्हत्या. आक्काने घरातले सगळे पडदे काढून धुतले. धाकटीने ते पुन्हा लावले. रडायचं कुणी आधी, याचीच जणू पैज होती.

मंगळवारी डॉक्टर बाईंनी खुर्चीवर बसायला सांगितलं आणि स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. त्या काही बोलायच्या आत आक्का पुढे झुकली. डोळे बारीक केले. करड्या शरीराच्या चित्रात पिवळे ठिपके पेटल्यासारखे दिसत होते.

"लिही गं," ती म्हणाली. "उजवं फुफ्फुस, दोन. डावं, एक. हे काय डॉक्टर, यकृत? यकृत, एक मोठा." मग तिने विचारलं, "हे सगळे नवे ना?"

"नवे आहेत," डॉक्टर म्हणाल्या. मग त्या औषधांबद्दल बोलल्या, दर तीन आठवड्यांनी सलाईनमधून द्यायचं एक आहे, काहींना लागू पडतं, आपण प्रयत्न करू. हातातलं पेन त्या उघडत होत्या आणि मिटत होत्या.

तेव्हा धाकटीच्या घशातलं वर्ष बाहेर पडलं. "मी घासत होते. ती नाही, मी. सात महिने, ब्रशने. त्यानेच पसरलं ना?"

डॉक्टरांनी आक्काकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "घासल्याने पसरला असं नाही म्हणता येणार. हा आजार तसा पसरत नाही. पण सात महिने गेले, हे खरं आहे. तेव्हाच आला असता तर गोष्ट वेगळी झाली असती."

धाकटीला वाटलं होतं, हो तरी म्हणतील किंवा नाही तरी. दोन्हींत तिला कुठेतरी उभं राहता आलं असतं.

बाहेरच्या व्हरांड्यात आक्का तिच्यावर तुटून पडली. "तुला कुणी विचारलं होतं? वर्षभर मी झाकून ठेवलं ते चारचौघांत उघडं करायला?"

"मला सहन होत नव्हतं गं."

"तुला! स्कॅन माझा, यकृत माझं, आणि सहन हिला होत नाही!" पलीकडच्या बाकावरची माणसं वळून बघायला लागली. आक्काने आवाज खाली आणला. "आणि उगाच मोठेपणा घेऊ नकोस. मला दुसऱ्या महिन्यातच कळलं होतं तो रंग नाही. रंग असता तर पहिल्या स्पिरिटला सुटला असता. मी काय काल आलेय या धंद्यात?"

धाकटीने विचारलं, "मग बोलली का नाहीस?"

लिफ्ट आली, भरून गेली.

"शनिवारी तू पाय मांडीवर घ्यायचीस," ती म्हणाली. "डॉक्टरकडे गेले असते तर ते थांबलं असतं."

धाकटीने तिचा हात धरायला हवा होता. तसं झालं नाही. तिला इतका राग आला, की ती एकटीच जिन्याने खाली उतरली. एवढ्यासाठी? अगं, मागितला असतास तर रोज घेतला असता पाय! वर्षभर जो दोष तिने आपला म्हणून उराशी धरला होता, तो आक्काने ओढून घेतला होता आणि त्याच्या बदल्यात याहून वाईट काहीतरी तिच्या हातात ठेवलं होतं. रस्त्याच्या कडेला उभं राहून तिने लंगडत येणाऱ्या बहिणीची वाट पाहिली. दोघी एका रिक्षात बसून घरी गेल्या, दोन बाजूंना तोंड करून.

ते औषध आक्काला लागू पडलं नाही. चार वेळा दिलं, मग पुन्हा स्कॅन, पुन्हा चार दिवस, पुन्हा पाकीट. शेवटचं पाकीट तिने उघडलंच नाही. "मला पुकारून दाखवू नकोस," ती म्हणाली. मालक एकदा भेटायला आला. फळं घेऊन आला आणि नवी बाई ठेवल्याचं सांगून गेला. नवी बाई टाके घालत नाही, खडूने खूण करते. खडू पाण्यात जातो. आक्का त्यावर दोन दिवस धुमसत होती. त्या दोन दिवसांत तिला जरा बरं वाटलं.

शनिवारी धाकटी तिचा पाय मांडीवर घ्यायची. घासण्यासारखं काही नव्हतं. टाचेवरची मांडीची कातडी फिकी आणि मऊ होती, लहान मुलाच्या गालासारखी, दुसऱ्याच कुणाच्या पायाला चिकटवल्यासारखी. ती नुसतं कोमट तेल लावायची. त्या दिवसाबद्दल दोघी पुन्हा कधी बोलल्या नाहीत. धाकटीचा राग गेला नाही. तो मनात ठेवूनच ती तेल लावायची, आणि आक्काला ते कळत असावं, कारण नकला आता ती करत नव्हती.

शेवटच्या सकाळी धाकटी चहा पाजत होती. आक्काला ठसका लागला, बशी कलंडली आणि धाकटीच्या पांढऱ्या बाहीवर चहा सांडला. तिने तो पदराने पुसला नाही, पुसायला ती उठलीच नाही. "असू दे," ती म्हणाली, "उद्या बघते."

आक्काने डोळे उघडले. बाहीकडे बघताना ते बारीक झाले, खिडकीशी व्हायचे तसेच.

"उद्या कशाला?" ती म्हणाली. "आत्ता धू. उद्या जुना होईल तो."