मन्याच्या पायातला खिळा

"पुन्हा पळव," मी म्हणाले.

वैशालीने दोरी सैल धरली आणि मन्याला परत डांबरी रस्त्यावरून दुडकत नेलं. येताना मला तेच दिसलं. पुढचा उजवा पाय टेकला की मन्या मान वर उचलत होता. पाय दुखत असला की घोडा त्यावरचा भार असा हलका करतो.

"हा घोडा मी पास करू शकत नाही."

कोलाडजवळच्या एका फार्मवर ड्रेसाजची निवड स्पर्धा होती. ड्रेसाज म्हणजे शर्यत नव्हे. आखलेल्या मैदानात घोडा आणि स्वार ठरलेल्या चाली, वळणं, थांबे करून दाखवतात आणि परीक्षक प्रत्येकाला मार्क देतात. मी रोह्यात जनावरांची डॉक्टर. एरवी गाई-म्हशी बघते. पण घोड्यांचंही शिकले आहे, म्हणून या खेळाच्या राष्ट्रीय फेडरेशनने मला तिथे व्हेट नेमलं होतं. स्पर्धेच्या आदल्या दिवशी प्रत्येक घोडा व्हेटसमोर पळवायचा. लंगडला तर बाद.

वैशाली पेणकडच्या मिठागरातल्या घरची. फार्मवर लीद काढायला लागली आणि पुढे स्वार झाली. घोडा फार्मच्या मालकाचा, शेठचा. कागदावर त्याचं नाव मोनार्क, पण तबेल्यात सगळे त्याला मन्याच म्हणत. राष्ट्रीय संघासाठी यंदाची ही शेवटची निवड होती.

"मॅडम, तो नाय लंगडत," वैशाली म्हणाली. "खडा टोचला असंल. तुमी आपल्या इकडच्या, जरा समजून घ्या ना."

"समजलं म्हणूनच थांबवते गो. त्याला दुखतंय."

तेवढ्यात शेठ आले. "डॉक्टर, एक इंजेक्शन द्या. उद्या दुपारपर्यंतचाच प्रश्न आहे."

"स्पर्धेत दुखणं दाबणारं औषध म्हणजे डोपिंग, शेठ. घोडा बाद होईल आणि वैशालीवर बंदी येईल. शिवाय दुखणं कळलं नाही तर मन्या त्याच पायावर जोर देईल. मग पायच जायचा."

शेठनी सरळ दिल्लीला फेडरेशनच्या सेक्रेटरींना फोन लावला. बरंच बोलले. परीक्षक लांबून आलेत, मुलगी तयारीची आहे, डॉक्टर अडून बसल्यात. मग फोन माझ्या हातात आला.

"डॉक्टर, घोडा लंगडा रहा है क्या?"

"जी."

"तो फिर मुझे फोन क्यों किया?"

आणि फोन बंद. नियम तसाच आहे. तपासणीत व्हेटचा निर्णय शेवटचा, सेक्रेटरीही तो बदलू शकत नाही. मात्र सकाळी फेरतपासणी मागता येते. ती मागायला मीच वैशालीला सांगितलं.

तपासणाऱ्या व्हेटनेच उपचार करायचे नसतात, पण फार्मवर दुसरा डॉक्टर नव्हता. म्हणून फेडरेशनच्या निरीक्षकांना शेजारी उभं केलं आणि मन्याचा पाय मांडीवर घेतला. पकडीने खूर कडेकडेने दाबत गेले. एका खिळ्यापाशी मन्याने पाय हिसकला.

"नाल कधी मारली?"

"आज सकाळी. शेठ बोलले, स्पर्धेला नवी नाल पायजे. आमचा नालबंद गावाला गेलेला. दुसरा आनला."

खुराची बाहेरची भिंत नखासारखी असते, तिला दुखत नाही. आतला भाग जिवंत असतो. खिळा त्याच्या फार जवळून गेला होता. मी तो उपसला. रक्त नव्हतं, हे नशीब. मन्याने लांब श्वास सोडला.

वैशालीने डोळे पुसले. "आता काय करायचं ते सांगा. मी करते."

खूर मिठाच्या गरम पाण्यात शेकायचा, कोरडा करून पट्टी बांधायची, पाय जास्त चालवायचा नाही. ती तबेल्यातच राहिली.

सकाळी तिने मन्याला पळवलं. मी वाकून, उभी राहून, दोन्ही बाजूंनी बघितलं. मान सरळ, पावलं सारखी. "पास," मी म्हणाले.

मैदानात तिने मन्याला फार ताणलं नाही. लांब पावलांच्या दुडकीत मार्क गेले. ते तिने जाऊ दिले. बाकी सगळं स्वच्छ केलं आणि दुसरी आली. निवडीला तेवढं पुरलं.

शेठ भेटले. म्हणाले, "बघा, झालं की नाही? उगाच टेन्शन दिलंत."

तेव्हापासून स्पर्धेला घोडा नेणाऱ्या प्रत्येकाला एवढंच सांगते, तपासणीच्या दिवशी नवी नाल मारू नका.